आधी दोष शोधा, मग स्क्रू फिरवा

सकाळी पावणेआठच्या सुमारास आपल्या कॉलेजच्या दुचाकी स्टँडवर पाच मिनिटे उभे राहावे. मोठी मौज पाहावयास मिळते. नव्या गाड्या गुपचूप येतात आणि गुपचूप उभ्या राहतात. जुन्या गाड्यांचे तसे नसते. स्वार थांबतो, मित्राशी बोलतो, पहिल्या तासाला कोणते सर आहेत याची चौकशी करतो; पण उजवा हात काही मुठीवरून काढीत नाही. एकसारखी रेस चालू असते. हात काढला की इंजिन दोनदा खोकते आणि मान टाकते. सिग्नलला तर ही मंडळी तान्ह्या मुलाला झोके द्यावेत तशी मूठ हलवीत बसलेली असतात. विचारावे तर उत्तर ठरलेले: "जुनी गाडी आहे, चालायचेच!"

या 'चालायचेच'ला माझा विरोध आहे, आणि तो नोंदविण्यासाठीच हा लेख.

गाडी जुनी असणे हे तिचे वय झाले, तो तिचा रोग नव्हे. आपल्या भागात आजही रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्या आठवून पाहा. १९८५ साली आलेली हीरो होंडाची सीडी १००, त्याच साली आलेली आणि १९९६ पर्यंत निघालेली यामाहाची आरएक्स १००, १९९४ ची स्प्लेंडर, किंवा आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली येझ्दी. यांपैकी प्रत्येक गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा मूठ सोडल्यावर स्वस्थ चालत होती. आज ती चालत नसेल, तर मधल्या काळात कोठे तरी काही तरी बिघडले आहे. बिघडले आहे म्हणजे ते सापडू शकते. आमच्या घरची शंभर सीसीची गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे. वडिलांनी वापरली, काकांनी वापरली, आता मी वापरतो. आणि ती सिग्नलला मूठ सोडून उभी राहते. त्यात चमत्कार काही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मेस्त्रींची शिस्त तेवढी आहे.

पुस्तकात ज्याला आयडलिंग म्हणतात त्याला मेस्त्री लोक नुसते 'स्लो' म्हणतात. "गाडीला स्लो नाही" म्हणजे मूठ सोडल्यावर ती टिकत नाही. हा स्लो कशावर चालतो हे आधी समजून घेतले पाहिजे. कार्बोरेटरचे तत्त्व आपण शाळेत शिकलेले आहे. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो, हे डॅनिएल बर्नुलीने १७३८ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. वाहत्या हवेलाही तोच नियम लागतो. कार्बोरेटरचा घसा मध्ये अरुंद असतो. इंजिनने ओढलेली हवा तेथून वेगाने जाते, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. मूठ पिळली की घशातली सरकती झडप वर जाते आणि हे काम मोठ्या प्रमाणात सुरू होते.

परंतु मूठ सोडली की झडप जवळजवळ बंद होते. मोठ्या वाटेने हवेला वेगच उरत नाही, त्यामुळे तेथून पेट्रोल येत नाही. या वेळेपुरती एक वेगळी, बारीक वाट कार्बोरेटरच्या अंगातच ठेवलेली असते. तिच्या तोंडाशी पायलट जेट. शंभर सीसीच्या गाडीत या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. सिग्नलला उभी असलेली सगळी गाडी त्या एवढ्याशा छिद्राच्या भरवशावर जिवंत असते! धुळीचा एक कण, वाळलेल्या पेट्रोलचा थोडा चिकट थर एवढे त्याला पुरे होते. म्हणूनच अशी गाडी साठच्या वेगाने मजेत धावते आणि पहिल्या रेल्वे गेटपाशी थांबताच बंद पडते. धावताना ती एका वाटेने पेट्रोल पिते आणि थांबल्यावर दुसऱ्या.

आता बाहेरून दिसणारे दोन स्क्रू. एक झडपेला खाली टेकू देतो. तो आवळला की झडप किंचित उघडी राहते आणि फेरे वाढतात. दुसरा स्लोच्या वाटेवरचे हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवितो. आपल्याकडील बहुतेक 'दुरुस्त्या' पहिल्या स्क्रूवर होतात. गाडी बंद पडते काय? दे अर्धा फेरा! पुन्हा पडते? दे आणखी अर्धा! गाडी गरजू लागते, बंद पडत नाही, मालक खूष.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसावयास हवे. तेरीज पत्रकाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की फरकाची रक्कम आपण तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतो. बेरीज जुळते, चूक मात्र आपल्या जागी सुखरूप असते. हे खाते चूक सापडेपर्यंतचीच सोय आहे, असे सर वारंवार बजावतात. स्लोचा स्क्रू आवळीत राहणे म्हणजे गाडीचे सस्पेन्स खाते उघडून ते कायमचे चालू ठेवणे होय. झडप उचलली गेली की इंजिन मोठ्या वाटेचे पेट्रोल ओढू लागते आणि बंद पडलेले पायलट जेट बंदच राहते. त्याचे व्याजही भरावे लागते. उभ्या गाडीत पेट्रोल जास्त जळते, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, उतारावर मूठ सोडली तरी इंजिन गाडीला हवे तसे रोखत नाही आणि सारा भार ब्रेकवर पडतो. चोर्ला घाट उतरणाऱ्याला याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मग दोष शोधावयाचा कसा? आमच्या मेस्त्रींचा क्रम सांगतो. त्यांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर सर्वांत शेवटी येतो.

प्रथम ते विचारतात, गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? चोक ओढल्यावर टिकते काय? या दोन प्रश्नांत अर्धे निदान होते. चोक ओढल्यावरच टिकत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कोठून तरी चोरटी हवा शिरते आहे. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद, असे असेल तर ते टॅपेटकडे वळतात. कारण फट फार कमी ठेवलेली असली की तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब निसटतो. कार्बोरेटरचा त्यात काडीचाही संबंध नसतो. अशा गाडीचा कार्बोरेटर खोलून बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

त्यानंतर पेट्रोल नीट उतरते काय हे पाहतात. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले असले तरी धार मंदावते. मग एअर फिल्टर. मग प्लग. प्लगवर काळी भुकटी जमली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट कोरडा असेल तर कमी. त्यानंतर कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला सांधा. तेथील पॅकिंग किंवा ओ-रिंग वाळून चिरली की हिशेबाबाहेरची हवा आत येते. इंजिन चालू ठेवून त्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडावेत. आवाज क्षणभर बदलला तर चोर सापडला. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत टॅपेट नसतात. पण क्रँकचे ऑइल सील झिजले की हीच चोरटी हवा तेथून शिरते.

एवढे सगळे निर्दोष निघाले तर कार्बोरेटर उतरवावयाचा. वाटीच्या तळाचा गाळ काढावयाचा, फ्लोटची उंची पाहावयाची, पायलट जेट सोडवून उजेडासमोर धरावयाचे. छिद्रातून उजेड दिसला पाहिजे. त्यात पोलादी तार घालू नये. जेट पितळेचे असते, तारेने भोक मोठे होते आणि माप कायमचे बिघडते. पेट्रोलने धुवावे आणि हवा मारावी, बस्स.

आणि आता शेवटी स्क्रू. इंजिन चांगले तापलेले हवे. प्रमाणाचा स्क्रू कोठे आहे हे आधी पाहावे. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो. सैल केला की हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो बहुधा पेट्रोलमिश्रणाचा. सैल केला की पेट्रोल वाढते. एकाच दिशेचा फेरा दोन गाड्यांत अगदी उलट काम करतो, आणि ऐकीव ज्ञानाने फिरविणाऱ्यांची फसगत येथेच होते. स्क्रू पहिल्याने हलकेच पूर्ण बसवून सव्वा ते दोन फेरे सैल करावा. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. मग पाव पाव फेरा फिरवून इंजिन सर्वांत मोकळे कोठे वाजते ते ऐकावे. तेथे थांबून पहिल्या स्क्रूने फेरे खाली आणावेत. पुन्हा ऐकावे. शेवटी मूठ झटकन पिळून सोडावी. फेरे खाली येण्यास वेळ लागला तर मिश्रण पातळ. खाली येऊन गचके खाऊ लागले तर दाट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली गोष्ट कागदावर लिहून ठेवावी. हे सारे उघड्या अंगणात करावे. बंद खोलीत कदापि नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वास न देता माणूस मारतो.

आमच्या मेस्त्रींची मातृभाषा कन्नड. स्क्रू फिरविताना ते दोनच शब्द म्हणतात: "स्वल्प" आणि "निधान". मराठी शाळेत शिकलेल्या आम्हा मुलांना 'स्वल्प' हा शब्द स्वल्पविरामापुरता ठाऊक आणि 'निधान' म्हणजे ठेवा. कन्नडमध्ये एकाचा अर्थ 'थोडेसे' आणि दुसऱ्याचा 'सावकाश'. थोडेसे आणि सावकाश: सगळे ट्यूनिंग या दोन शब्दांत आले. या अंकाच्या दोन विभागांत लिपी निराळी असली तरी जेट, फ्लोट, चोक हे शब्द दोन्हीकडे सारखेच; आणि बंद पडलेली गाडी ढकलताना कोणी कोणाची भाषा विचारीत नाही.

आपल्या गावाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथील हवा गोव्याच्या किनाऱ्यावरील हवेपेक्षा विरळ. म्हापशाला अचूक बसविलेला कार्बोरेटर येथे किंचित दाट मिश्रण देतो. गोव्याहून नातेवाइकाची जुनी गाडी आणणाऱ्याने स्क्रूला दोष देण्यापूर्वी हा उंचीचा हिशेब करावा.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आरंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथे झाला आणि पाहता पाहता ते सर्वत्र पोहोचले. पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. इथेनॉलला सुमारे ९ च. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवितो. जुन्या कार्बोरेटरला ना डोळे, ना डोके. त्याची छिद्रे ठरलेली. म्हणून त्याचे मिश्रण आपोआप पातळ होते, आणि त्याचा पहिला बळी स्लो असतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरते आणि जुन्या घडणीच्या रबराला मानवत नाही. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची वाटी रिकामी करून ठेवणे त्यामुळे आवश्यक झाले आहे. आपला जिल्हा उसाचा. इथेनॉलमुळे शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. पण ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांना हा बदल समजावून सांगण्याचे कामही कोणी तरी करावयास हवे होते. ते काम आज हे मेस्त्रीच करीत आहेत, तेही फुकट.

येथे मी मूळ मुद्द्याशी येतो. कोणी म्हणेल, मेस्त्रीच स्क्रू आवळून गाडी हाती देतात, त्याचे काय? खरे आहे, काही देतात. पण त्याचे कारण गिऱ्हाइकाच्या खिशात आहे. आपण भागाचे पैसे देतो, शोधाचे देत नाही. नवा कार्बोरेटर बसविला तर मुकाट्याने बिल चुकते करतो, तासभर खपून बुजलेले छिद्र शोधून साफ केले तर म्हणतो, "दोन मिनिटांचे काम, त्याला एवढे कशाला?" डॉक्टरांना तपासणीची फी आपण देतो, वकिलांना सल्ल्याची देतो, हिशेबनिसाला चूक शोधण्याची देतो. काळ्या हातांच्या माणसाने विचार केला तर त्या विचाराला किंमत नाही! अशा बाजारात प्रामाणिक निदान करणारा तोट्यात जातो आणि भाग बदलणारा नफ्यात. मग भाग बदलणारेच शिल्लक राहिले तर नवल ते काय?

आणि ते शिल्लक राहण्याची वेळ जवळ येत आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. धंद्यात नवीन येणारा मुलगा इंजेक्शनची गाडी शिकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यापूर्वीच्या गाड्या एका दिवसात नाहीशा होत नाहीत. त्या दुधाच्या कॅन वाहतात, खानापूर-हिंडलग्याहून मुलांना कॉलेजात आणतात, उद्यमबागेतल्या कामगाराला पाळीवर पोहोचवितात. गाड्या राहतील आणि त्यांना ऐकणारा कान जाईल, अशी ही वेळ आहे. हे ज्ञान आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते पन्नाशी-साठीच्या माणसांच्या बोटांत आहे.

काहींचा आक्षेप याहून वजनदार आहे: जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या गेल्या तरच बरे. हवेची काळजी मलाही आहे आणि ज्याला शक्य आहे त्याने नवी किंवा विजेवरची गाडी जरूर घ्यावी. पण ज्याला शक्य नाही, तो धूर ओकतच राहणार. प्रदूषण तपासणी केंद्रात जुन्या दुचाकीची नळी मोजतात ती कोणत्या अवस्थेत? स्लो चालू असताना! मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, त्यानंतर भारत स्टेज चार येईपर्यंतच्या गाडीला ३.५ टक्के. म्हणजे स्लो नीट लावणे हाच हवेच्या रक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आम्हा कर्नाटकातल्या विद्यार्थ्यांना 'पीयूसी' म्हटले की अकरावी-बारावी आठवते. गाडीचीही एक पीयूसी असते आणि ती खिरापतीसारखी मिळविण्याऐवजी अभ्यास करून उत्तीर्ण व्हावयाची असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून एक सूचना करतो. आपल्या कॉलेजात पाहुण्या व्याख्यात्यांना मानधन देऊन बोलावण्याची चांगली प्रथा आहे. वर्षातून एका शनिवारी याच मानाने एका मेस्त्रींना बोलवावे. सभागृहात नको, दुचाकी स्टँडवरच. एक कार्बोरेटर, एक पितळेची थाळी, थोडे पेट्रोल आणि भोवती आम्ही विद्यार्थी. विज्ञान शाखेने बर्नुली समजावून घ्यावा, वाणिज्य शाखेने निदानाच्या एका तासाचे मूल्य मांडून पाहावे, कला शाखेने त्यांचे शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये टिपून घ्यावेत आणि ते टिपण पुढील वर्षी याच अंकाच्या दोन्ही विभागांत छापावे. मानधन मात्र व्याख्यात्याइतकेच असावे. त्यात घासाघीस झाली तर सारा खटाटोप व्यर्थ.

तोवर, मित्रहो, ज्यांची गाडी मूठ सोडल्यावर मरते त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे. स्क्रूला हात न लावता वरचा क्रम वहीत लिहून घ्यावा, मेस्त्रींकडे जावे आणि म्हणावे, "सावकाश पाहा, वेळेचे पैसे देतो." हे वाक्य त्यांनी बहुधा कधी ऐकलेले नसेल.

(बी.कॉम., द्वितीय वर्ष)